ऑक्सिजन सेन्सर बदलला तरी तोच कोड! बँक १ कोणती आणि बँक २ कोणती?

रानवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पेट्रोल गाडी, व्ही-६ इंजिन, आडवं बसवलेलं. महिन्याभरापूर्वी चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर लावला तर पी०१५५, म्हणजे बँक २ (सिलिंडरची दुसरी रांग), सेन्सर १ (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा), हीटर सर्किट (सेन्सरला तापवणारं). गाडी चालायला एकदम व्यवस्थित, पिकअप कमी नाही, धूर नाही.

बॉनेट उघडलं की रेडिएटरकडची सिलिंडरची रांग समोर दिसते, ती पहिली आणि फायरवॉलकडची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडची) दुसरी असं मी धरून चाललो. त्यामुळे मागच्या मॅनिफोल्डवरचा (सिलिंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरचा) सेन्सर काढला. तिथे हात जेमतेम जातो. वायपरखालचं प्लास्टिक काढलं, वरून एक हात, गाडीखालून दुसरा, असा अख्खा रविवार गेला. मनगटं सोलली. नवा सेन्सर बसवला, कोड पुसला, फेरी मारून आलो, दिवा बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी सुरू केली आणि काही मिनिटांत पुन्हा दिवा. कोड तोच, पी०१५५.

नवा सेन्सरच सदोष निघाला का? की वायरिंग गेलं? की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक? ईसीयूच्या विचारानेच पोटात गोळा येतो. जुना सेन्सर अजून माझ्याकडे आहे. कृपया मार्ग दाखवा.

---

थेंबभर_ऑइल

जुना सेन्सर आहे ना, मग आधी त्याचा हीटर मोजा. चार तारांपैकी दोन एकाच रंगाच्या असतील, त्या हीटरच्या. मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्या दोन पिनांमध्ये आकडा बघा. थंड सेन्सरला साधारण ३ ते १५ ओहमच्या मध्ये काहीतरी यायला हवं, नेमका आकडा सेन्सरवर अवलंबून. काहीच आला नाही तर हीटर तुटलाय. नव्याचाही मोजा. दोन्ही आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

---

बावीसचा_पाना

रानवाट, ईसीयूचा विचार आत्ता डोक्यातून काढून टाका. मला तुमच्या पहिल्या परिच्छेदातच शंका येतेय: "समोरची पहिली, मागची दुसरी" हे कुठून आलं?

बँकेचा नंबर पुढे-मागे, डावं-उजवं यावरून ठरत नाही. ज्या रांगेत एक नंबरचा सिलिंडर आहे ती बँक १. बस, एवढी एकच व्याख्या. आणि एक नंबर कुठे असेल ते इंजिन बनवणारा ठरवतो. टोयोटाच्या आडव्या व्ही-६ इंजिनांत १-३-५ हे सिलिंडर फायरवॉलकडे असतात आणि २-४-६ रेडिएटरकडे. म्हणजे तिथे बँक १ मागे! उभ्या इंजिनांचंही तेच. जनरल मोटर्सच्या जुन्या व्ही-८ मध्ये १-३-५-७ डावीकडे, तर फोर्डच्या व्ही-८ मध्ये १ ते ४ उजवीकडे. हे डावं-उजवं गाडीत पुढे तोंड करून बसल्यावरचं, बॉनेटसमोर उभं राहून नव्हे. नेटवर लोक "ड्रायव्हर साइडचा सेन्सर" असं बिनधास्त लिहून मोकळे होतात, पण लिहिणाऱ्याचं स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे हे वाचणाऱ्याला कसं कळणार? त्या वाक्यापायी किती चांगले सेन्सर निघाले असतील याची मला खरोखर हळहळ वाटते.

दुसरा आकडा सोपा. सेन्सर १ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणारा डबा, थोडक्यात कॅट) आधीचा, इंजिनाकडून येताना पहिला भेटणारा. सेन्सर २ कॅटच्या नंतरचा.

कोडची रांगही लक्षात ठेवण्यासारखी आहे. पी०१३० ते पी०१३५ बँक १ सेन्सर १, पी०१३६ ते पी०१४१ बँक १ सेन्सर २, पी०१५० ते पी०१५५ बँक २ सेन्सर १, पी०१५६ ते पी०१६१ बँक २ सेन्सर २. प्रत्येक गटातला शेवटचा, म्हणजे १३५, १४१, १५५, १६१, हे हीटर सर्किटचे.

सरळ चार सिलिंडरच्या गाडीला ही डोकेदुखी सहसा नसते, एकच रांग, एकच बँक. पण "सरळ इंजिन म्हणजे एकच बँक" हेही डोळे मिटून धरू नका. बीएमडब्ल्यूच्या सरळ सहा सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत पहिल्या तिघांचा मॅनिफोल्ड वेगळा आणि नंतरच्या तिघांचा वेगळा, म्हणून तिथेही बँक १ आणि बँक २, एकूण चार सेन्सर.

आता तुम्ही एकच करा. तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सिलिंडर क्रमांकाची आकृती शोधा.

---

रानवाट

थेंबभर_ऑइल, मोजलं. जुना सेन्सर: ६.२ ओहम. नवा कनेक्टर सोडवून मोजला: ६.४. म्हणजे मी काढलेला सेन्सर चांगला होता?

बावीसचा_पाना, तुमची पोस्ट वाचून हात गार पडले. मॅन्युअल नाही माझ्याकडे. आकृतीशिवाय एक नंबर ओळखता येतो का?

---

बावीसचा_पाना

अंदाज बांधता येतो. इंजिनाला पुलीच्या बाजूने बघा, जिकडे बेल्ट आहेत ती बाजू. व्ही इंजिनात समोरासमोरचे दोन कनेक्टिंग रॉड क्रँकवर शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे दोन्ही हेड अगदी समोरासमोर येत नाहीत. एक हेड पुलीकडे किंचित सरकलेलं असतं, साधारण एका रॉडच्या जाडीएवढं. जे पुलीला जवळ, बहुतेक इंजिनांत एक नंबर त्याच रांगेत. बहुतेक म्हणतोय, सगळ्या नाही. एवढ्यावर विसंबून पाना लावू नका.

खात्री करायची तर गाडीलाच विचारा. इंजिन बंद असताना रेडिएटरकडच्या, म्हणजे सहज हाताला येणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर सोडवा. गाडी सुरू करा, स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडा आणि बँक १ सेन्सर १ व बँक २ सेन्सर १ हे दोन्ही व्होल्टेज शेजारी लावा. इंजिन गरम झालं की जोडलेला सेन्सर खालीवर नाचेल आणि सोडवलेल्याचा आकडा एका जागी चिकटून राहील. चिकटला त्याचं नाव वाचा, झालं. नंतर या चाचणीमुळे आलेला कोड पुसायला विसरू नका. सोडवलेली तार एक्झॉस्टला किंवा पंख्याला लागणार नाही अशी बांधून ठेवा.

---

पायवाट८

मध्येच घुसतोय, क्षमस्व. माझ्या गाडीला पी०४२० आलाय. दुकानदार म्हणतो मागचा सेन्सर, म्हणजे बँक १ सेन्सर २, बदला. बदलू का?

---

तारजोड

पायवाट८, थांबा. पी०४२० म्हणजे "सेन्सर खराब" नव्हे. बँक १ च्या कॅटचं काम अपुरं वाटतंय, असं ईसीयू सांगतोय आणि ते तो कळवतोय मागच्या सेन्सरच्या भरवशावर. निरोप आणणाऱ्याला बदलून निरोप बदलत नाही.

लाइव्ह डेटा बघा. पुढचा सेन्सर साधा असेल तर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत झुलत राहतो. मिश्रण पेट्रोलने जड झालं की वर, हवा जास्त झाली की खाली, आणि ०.४५ च्या आसपास ती सीमारेषा, जिथे एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा असते. कॅट निरोगी असेल तर तो आतला ऑक्सिजन साठवून, सोडून हे झोके गिळून टाकतो. त्यामुळे गरम इंजिनावर, स्थिर वेगात मागचा सेन्सर ०.६-०.७ च्या आसपास संथ बसलेला दिसतो. तो पुढच्याच्या तालावर नाचू लागला तर संशय कॅटवर. आणि त्याआधी मॅनिफोल्डपासून मागच्या सेन्सरपर्यंत एक्झॉस्ट कुठे फुसफुसतोय का, मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटणं) आहे का, ते तपासा. बारीक भेगेतूनही धुराच्या दोन धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला खोटा ऑक्सिजन दिसतो.

---

पायवाट८

ताई, मनापासून आभार. मॅनिफोल्डच्या गॅस्केटजवळ काळा ओघळ आहे आणि थंड असताना टकटक आवाज येतो. आधी तेच बघतो.

---

रानवाट

केली चाचणी! पुढचा कनेक्टर सोडवला आणि चिकटला तो बँक २ सेन्सर १. म्हणजे माझ्या इंजिनात बँक १ मागेच आहे, आणि मी चांगला सेन्सर काढून नवा बसवला. पुलीकडून बघितलं तर मागचं हेड खरंच किंचित पुलीकडे सरकलेलं आहे, आजवर कधी लक्षच गेलं नव्हतं.

अजून एक दिसलं. सकाळी सगळं जोडून थंड गाडी सुरू केली, तर बँक १ चा सेन्सर मिनिटाच्या आत नाचायला लागला. बँक २ चा कितीतरी वेळ ०.४५ वरच बसून होता, मग हळूच हलायला लागला आणि नंतर अगदी नॉर्मल.

---

तारजोड

ही फार मोलाची खूण आहे. झिर्कोनियाचा सेन्सर साधारण ३००-३५० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय काम करत नाही. हीटर त्याला पटकन तिथवर नेतो. हीटर मेला तरी एक्झॉस्टच्या उष्णतेने तो उशिरा का होईना जागा होतो, म्हणूनच तुम्हाला गाडी चालवताना काही जाणवलं नाही. १९७६ मध्ये व्होल्वोने बॉशचा सेन्सर पहिल्यांदा गाडीत घातला तेव्हा त्यात हीटर नव्हताच, सगळी भिस्त एक्झॉस्टच्या उष्णतेवर.

आता पुढच्या सेन्सरचा हीटर मोजा, पण सेन्सर काढण्याआधी गाडीकडच्या कनेक्टरलाही बघा. इंजिन चालू असताना हीटरच्या एका पिनवर बॅटरीइतकं व्होल्टेज यायला हवं. दुसरी पिन ईसीयू आपल्या सोयीने ग्राउंड करतो. व्होल्टेजच नसेल तर फ्यूज, रिले, तार. तुमच्याकडे एकच हीटर कोड आहे, त्यामुळे फ्यूज असण्याची शक्यता कमी वाटते. अनेक हीटर एकाच फ्यूजवर असतात आणि तो उडाला की तीन-चार कोड एकदम येतात. तसं कुणाला झालं तर चार सेन्सर घ्यायला धावू नका, आधी फ्यूज काढून उजेडात धरा.

---

रानवाट

गाडीकडच्या कनेक्टरवर १३.९ व्होल्ट, इंजिन चालू. सेन्सरकडे दोन्ही पांढऱ्या तारांमध्ये: काहीच नाही. मीटरवर पूर्ण ओपन.

मग तारेवरून बोटं फिरवत गेलो. कनेक्टरपासून वीतभर अंतरावर तारांवरचं कापडी वेष्टण कडक, तपकिरी आणि हीट शील्डला चिकटलेलं. सोडवलं तर आत एक पांढरी तार करपून तुटलेली. काळी आणि करडी शाबूत, म्हणून सिग्नल येत होता. शेजारी मॅनिफोल्डच्या कंसावर क्लिपचं रिकामं भोक आहे. क्लिप कधीतरी पडली असावी आणि तार लोंबून शील्डवर टेकली.

एवढीशी तार आहे. सोल्डर करून भागेल का?

---

तारजोड

नको, आणि याचं कारण सांगते, कारण ते फारसं कुणी सांगत नाही. सेन्सर एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनची तुलना बाहेरच्या हवेशी करतो. ही बाहेरची हवा बऱ्याच सेन्सरांना तारांच्या आतून, तांब्याच्या बारीक केसांमधल्या फटींतूनच मिळते. सोल्डर त्या फटीत शिरला की सेन्सरचा श्वास कोंडतो. म्हणून जोड द्यायचाच तर क्रिंप करून. याच कारणाने कनेक्टरमध्ये ग्रीस भरायचं नाही, स्प्रे मारायचा नाही. तुमची तार मात्र करपून ठिसूळ झालीय, शेजारच्या तारांनीही तीच उष्णता सोसलीय. सेन्सर बदला आणि क्लिप लावा. क्लिप विसरलात तर नव्याचीही हीच गत होईल.

---

जुनं_पिस्टन

माझं मत: एक गेला की चारही बदलावेत. निदान पुढची जोडी तरी. सगळे एकाच वयाचे असतात.

---

थेंबभर_ऑइल

आदर ठेवून असहमत. वयाने सुस्तावलेल्या सेन्सरला, म्हणजे पी०१३३ सारखा "प्रतिसाद मंद" कोड असेल तर तुमचं म्हणणं पटतं, जोडीतला दुसराही फार मागे नसतो. इथे तार जळलीय, त्यात वयाचा काय संबंध? शिवाय यांच्या बँक १ चा सेन्सर तर आत्ताच नवा बसलाय.

---

जुनं_पिस्टन

ते खरं. तार जळाल्याचं वाचायचं राहून गेलं माझं. या बाबतीत एकच पुरे.

---

तारजोड

रानवाट, भाग मागवताना जपा. "दिसायला सारखा, आटे सारखे" यावर जाऊ नका. जवळजवळ सगळ्यांचे आटे एम१८ बाय १.५ चे असतात, त्यामुळे चुकीचा सेन्सरही भोकात छान बसतो. फरक आत असतो. तुमचा साधा चार तारांचा आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत कॅटच्या आधी वाइडबँड असतो, ज्याला एअर-फ्युएल सेन्सर म्हणतात. डेन्सोचा असा सेन्सर चार तारांचाच असतो आणि साध्या सेन्सरासारखाच दिसतो, पण टोयोटाच्या गाड्यांत त्याचं आदर्श मिश्रणाचं व्होल्टेज ३.३, आणि हवा जास्त झाली की आकडा वर जातो, साध्या सेन्सराच्या बरोबर उलट. एकाच्या जागी दुसरा लावला तर ईसीयूला काहीच उमगत नाही.

बॉशच्या पाच तारांच्या वाइडबँडला कनेक्टर सहा पिनांचा असतो, कारण जुळणीचा बारीक रेझिस्टर कनेक्टरमध्येच बसवलेला असतो. जुना कनेक्टर कापून नव्याला जोडला की जुळणी गेली. बॉशच्याच वाइडबँडचे एलएसयू ४.२ आणि ४.९ हे दोन प्रकारही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

तारा कापून जोडायचा युनिव्हर्सल सेन्सर मी टाळते. रंगांचीही भानगड आहे. बॉशमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नल ग्राउंडची. डेन्सोमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी ग्राउंडची. म्हणजे एकाची काळी सिग्नल, दुसऱ्याची काळी हीटर! गाडीच्या चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा, जुन्या सेन्सरवर कोरलेल्या नंबराशी ताडून बघा, आणि तारेची लांबीही मोजा. पुढच्या-मागच्या बँकेचे सेन्सर बऱ्याचदा फक्त लांबीने आणि कनेक्टरने वेगळे असतात.

---

बावीसचा_पाना

काढण्याबसवण्याबद्दल माझ्याकडून. पाना किंवा सॉकेट २२ मिमी. तारेसाठी बाजूला चीर असलेला खास सॉकेट मिळतो, तो घ्या. उघडा पाना षट्कोन गोल करतो आणि मग खरी परीक्षा सुरू होते.

आदल्या रात्री आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा. दुसऱ्या दिवशी इंजिन थोडं चालवून कोमट करा, चटका बसेल इतकं तापवू नका. मग पान्यावर झटका न देता सलग जोर. पहिल्यांदा "कर्र" असा आवाज आला आणि पाव फेरा फिरला की थांबा, परत थोडं आवळा, पुन्हा तेल, पुन्हा सोडवा. असं पुढेमागे करत आणलं तर भोकातले आटे वाचतात. सलग ओढलं तर सेन्सरसोबत आटेही चुऱ्यासारखे बाहेर येतात. भोक खरखरीत वाटलं तर एम१८ बाय १.५ चा टॅप हलक्या हाताने फिरवून साफ करा.

नव्याच्या आट्यांवर सहसा करडी पेस्ट आधीच लावलेली असते, वर आणखी थापू नका. नसेल तर ऑक्सिजन सेन्सरसाठी चालणारी निकेलची पेस्ट, फक्त आट्यांवर. टोकाच्या भोकं असलेल्या टोपीला तिचा ठिपकाही लागता कामा नये. आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग टॉर्क रेंच. बहुतेक ठिकाणी ४० ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतं, पण तुमच्या इंजिनाचा आकडा शोधून तोच पाळा. फिरवताना कनेक्टर मोकळा असू द्या म्हणजे तारेला पीळ पडणार नाही.

हातातून जमिनीवर पडलेला सेन्सर बसवू नका. आत चिनीमातीसारखा ठिसूळ भाग असतो, बाहेरून तडा दिसत नाही.

जुना निघाला की टोक नक्की बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण जड. पांढरी भुकटी म्हणजे सिलिकॉनचं सीलंट किंवा कूलंट आत जातंय. असं काही असेल तर नवा सेन्सरही त्याच कारणाने मरेल.

---

रानवाट

आज बसवला. पार्ट नंबर ताडून घेतला. तुमचं म्हणणं खरं, पुढच्याची तार मागच्यापेक्षा चांगली लांब आहे. तेल आदल्या रात्री सोडलं होतं, कर्र झालं, पुढेमागे करत निघाला. वीस मिनिटांत काम. टोक फिकट करड्या रंगाचं, काजळी नाही, पांढरं काही नाही. कंसावर नवी क्लिप लावली आणि तार शील्डपासून चार बोटं लांब राहते हे इंजिन हलवूनही बघितलं.

कोड पुसला. नंतरच्या तीन सकाळी थंड सुरुवात केली. दोन्ही बँकांचे सेन्सर मिनिटाच्या आत नाचायला लागतात, जवळजवळ एकदमच. दोन्ही बाजूंचे फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या प्रमाणात करतो ती दुरुस्ती) अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत. स्कॅनरवर हीटरची चाचणी "पूर्ण" दाखवतेय, दिवा नाही.

बँक १ चा काढलेला जुना सेन्सर चांगला आहे, तो अडीअडचणीला ठेवून देऊ का?

---

तारजोड

ठेवा. टोकाला आणि कनेक्टरला तेल, ग्रीस लागणार नाही अशा कोरड्या डब्यात, आणि डब्यावर ठळक लिहा: बँक १, सेन्सर १, मागची बाजू, हीटर ६.२ ओहम. तुमच्याकडच्या दोन बँकांचे सेन्सर तारेच्या लांबीने वेगळे आहेत, तो पुढे लावायचा प्रयत्न करू नका.

---

पायवाट८

माझंही कळवतो. मॅनिफोल्डचं गॅस्केट एका कोपऱ्यात जळून गेलेलं निघालं. बदललं, टकटक थांबली. मागचा सेन्सर आता ०.६८ च्या आसपास शांत आहे. पी०४२० अजून तरी परतलेला नाही, पण कॅटची चाचणी स्कॅनरवर अजून "अपूर्ण" दाखवतेय. आणखी काही दिवस चालवून सांगतो.